बेरीज सर्वांची, नाव ज्याचे त्याचे

रुग्णालयात शिरताना दाराजवळच सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राचे टेबल होते. त्या दुपारी टेबलासमोर तलासरी तालुक्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण उभा होता. छातीत पाणी झाले होते, ते काढून बऱ्याच दिवसांनी घरी निघाला होता. हातातल्या दुधाच्या पिशवीत पिवळे रेशनकार्ड आणि आधारकार्डाची झेरॉक्स, बगलेत एक्स-रेचे पाकीट. समोर एक छापील कागद सरकवला गेला. उपचार मोफत मिळाले, समाधान आहे, अशा अर्थाचा. त्याने सही केली आणि विचारले, "दादा, माझ्या नावावर सरकारने किती भरले?" आरोग्यमित्र भला माणूस होता. म्हणाला, "तुला कुठे भरायचेत रे? मग कशाला विचारतोस?" तरुण गप्प झाला. निघता निघता पुन्हा मागे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेठला कळणार नाही ना, मला काय झालेलं ते?" तो उंबरगावच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळायला हवे होते. ते मिळाले नाही. दुसऱ्या प्रश्नावर आरोग्यमित्राने मान हलवली, "नाही कळणार." पण ते खात्रीने सांगण्यासाठी त्याच्याकडे कायद्याचा कुठलाच आधार नव्हता. मला त्या दिवसापासून वाटत आले आहे की आरोग्यविम्याच्या माहितीबद्दल जगभर जो वाद चालू आहे, तो सगळा या दोन प्रश्नांत मावतो. जे आपले आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि जे दुसऱ्याने पाहू नये ते कोण पाहतो हे आपल्याला कळत नाही.

विम्यातला दावा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला क्लेम, हा आपण फक्त बिलाचा कागद समजतो. प्रत्यक्षात त्या एका नोंदीत माणूस जवळजवळ पूर्ण उतरलेला असतो. नाव, वय, गाव, कार्डाचा क्रमांक, आजाराचे निदान, केलेली शस्त्रक्रिया, दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख, रुग्णालय, मागितलेली रक्कम, मंजूर झालेली रक्कम. एका माणसाची अशी नोंद म्हणजे त्याचे गुपित. एका तालुक्यातल्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की त्या तालुक्याच्या आजारांचा इतिहास तयार होतो. गुपित आणि इतिहास एकाच कागदावर लिहिलेले असतात, अडचण इथेच आहे. म्हणून "माहिती द्यावी की देऊ नये" असा सरसकट प्रश्न विचारून चालत नाही. कोणाला काय द्यावे, हे एकेक करून ठरवावे लागते.

हा वाद सध्या सर्वांत जोरात अमेरिकेत आहे. तिथे नोकरीतून आरोग्यसंरक्षण मिळणाऱ्या कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कामगार अशा मालकांकडे आहेत, जे उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात. विमा कंपनी तिथे जोखीम घेत नाही. फक्त दावे तपासते, रुग्णालयांना पैसे देते आणि त्या कामाचे शुल्क घेते. म्हणजे पैसा मालकाचा आणि वही कंपनीची. १९७४ च्या तिथल्या कायद्याने अशा निधीची व्यवस्था पाहणाऱ्यावर विश्वस्ताची जबाबदारी टाकली आहे. विश्वस्ताने हिशेब पाहायलाच हवा. पण कंपन्या दाव्यांची माहिती आमची व्यावसायिक गुपिते आहेत असे म्हणून ती अडवत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने अशी तोंड बांधणारी कलमे करारात घालायला मनाई केली. तरी भांडणे मिटली नाहीत. २०२२ च्या अखेरीस कनेटिकटमधल्या गवंडी आणि पत्रा कामगारांच्या आरोग्य निधींनी अँथेम कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आमच्याच दाव्यांची माहिती आम्हाला द्या म्हणून. पुढच्या वर्षी क्राफ्ट हाइन्झ या मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीने एटना कंपनीवर दावा लावला.

गवंड्यांच्या निधीची बाजू मला पूर्ण पटते. ज्याच्या घामाचा पैसा, त्याला खर्च कुठे झाला हे विचारण्याचा हक्क आहे. रुग्णालयाने जास्त लावले का, मधल्याने किती खाल्ले, हे पाहू न देणारी व्यवस्था लुटीला वाट करून देते. पण अमेरिकेच्याच अनुभवात या हक्काची दुसरी, काळी बाजूही आहे.

ह्यूस्टनमध्ये एच अँड एच म्युझिक नावाची कंपनी होती. तिच्या एका कामगाराला १९८७ च्या डिसेंबरात एड्स झाल्याचे कळले. त्याने उपचारांचे दावे दाखल केले, वरिष्ठांशी बोलणेही झाले. त्या वेळी विम्याची मर्यादा आयुष्यभरासाठी दहा लाख डॉलर होती. १९८८ च्या ऑगस्टपासून कंपनीने विमा बदलला, खर्च स्वतःच्या निधीतून करायचे ठरवले आणि एका आजाराची, फक्त एड्सची, मर्यादा पाच हजार डॉलरवर आणली. कामगार न्यायालयात गेला. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कायदा मालकाला योजना बदलण्यापासून रोखत नाही. त्याच वर्षी तो कामगार वारला. पैसे देणाऱ्याला आजाराचे नाव कळले की काय होऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

नाव न कळताही घात होतो. २०१४ च्या फेब्रुवारीत एओएल कंपनीचे प्रमुख टिम आर्मस्ट्राँग यांनी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिलाभात केलेल्या कपातीचे समर्थन करताना सांगितले की दोन बाळांच्या उपचारांवर प्रत्येकी दहा लाख डॉलर खर्च झाले. कंपनी स्वतःच्या निधीतून खर्च करणारी होती. त्यांनी कोणाचे नाव घेतले नव्हते. पण गेल्या दोन वर्षांत कोणाच्या घरी फार लवकर आणि नाजूक बाळ जन्मले होते, हे कचेरीतल्या लोकांना शोधायला वेळ लागला नाही. त्यातल्या एका बाळाच्या आईने पुढे उघडपणे लिहिले, आपली मुलगी एका आकड्यात मोजली गेली म्हणून. कपात मागे घेतली गेली, माफीही मागितली गेली. पण जे एकदा सर्वांना कळले, ते पुन्हा झाकता येत नाही.

हे सगळे डहाणू-तलासरीत कशासाठी सांगायचे? इथे कोण एवढा मोठा मालक बसला आहे? डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांत, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत, तारापूरच्या एमआयडीसीत आणि सीमेपलीकडे उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर इथली माणसे राबतात. मालक अनेक, ठेकेदार त्याहून अनेक, आणि स्वतःच्या निधीतून कामगाराचे उपचार करणारा त्यांत क्वचितच. ज्या कारखान्यात कर्मचारी राज्य विमा लागू आहे तिथे मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. हा दर कायद्याने ठरलेला आहे. एखाद्या कामगाराच्या उपचारावर कितीही खर्च झाला तरी त्या मालकाचा पुढच्या वर्षीचा दर वाढत नाही. म्हणून कामगाराला काय झाले हे जाणून घेण्यात मालकाचा आर्थिक फायदा उरत नाही. १९४८ च्या त्या कायद्यातले हे शहाणपण आपण विसरत चाललो आहोत. गट विम्याच्या नव्या करारात उलटे असते. गेल्या वर्षी दावे किती झाले यावर पुढच्या वर्षीचा हप्ता ठरतो. अशा ठिकाणी मालकाच्या कचेरीला दाव्यांची यादी हवीशी वाटते आणि ती यादी बघता बघता "खर्चिक माणूस" नावाची एक नवी जात तयार होते. हव्यास मालकाच्या स्वभावातून येतो असे नाही, तो हप्त्याच्या रचनेतून येतो. म्हणून उपायही रचनेतच शोधावा लागेल.

मग डहाणू-तलासरीत स्वतःच्या निधीतून आरोग्याचा खर्च करणारा सर्वांत मोठा धनी कोण? सरकार. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढल्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. तेव्हा दीड लाखापर्यंतचा भाग विमा कंपनीकडे होता, कुटुंबामागे ७९७ रुपये वार्षिक हप्ता देऊन. आणि आयुष्मानच्या कुटुंबांसाठी त्यावरचा, पाच लाखांपर्यंतचा भाग राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे, म्हणजे थेट सरकारी तिजोरीवर. पुढे पाच लाखांचे संरक्षण राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्यात आले. हमीचा हा भाग म्हणजे अमेरिकेतल्या त्या स्वनिधीवाल्या मालकांचीच रीत: पैसा आपला, दावे तपासणारी यंत्रणा दुसऱ्याची. फरक एवढाच की इथला पैसा एखाद्या कंपनीचा नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या माणसाचा आहे, आणि त्या माणसांत वारली, कोकणा, दुबळा, धोडी, कातकरीही आले. टेबलासमोरचा तो तरुण फुकटा नव्हता, धन्यांपैकी एक होता. त्याला "तुला कुठे भरायचेत" म्हणणे म्हणजे घरमालकाला त्याच्याच घरात पाहुणा म्हणण्यासारखे आहे.

इथल्या मातीत या गोष्टीला एक जुना अर्थ आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी माणूस लग्नगडी होऊन पिढ्यान्‌पिढ्या राबत असे. हे कसे चालत राहिले? हातातल्या काठीमुळे, हे खरेच, पण वहीमुळेही. वही सावकाराच्या पेटीत असे. किती घेतले, किती फिटले, किती उरले, हे ज्याच्या नावावर लिहिलेले त्याला कधी दिसत नसे. तो फक्त अंगठा देत असे. आजचे रुग्णालय सावकार नाही, आरोग्यमित्र मुकादम नाही, हे मी मुद्दाम सांगतो. या योजनेने इथल्या कितीतरी माणसांचे प्राण वाचवले आहेत. पण ज्याच्या नावावर लिहिले जाते त्याला वही न दाखवण्याची सवय मात्र तीच राहिली आहे. ती मोडणे हे झरीच्या सभेचे उरलेले काम आहे.

वही उघडल्याने काय साधते? २०१२ मध्ये बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतून गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वाजवीपेक्षा फार जास्त झाल्याचे जिल्हा प्रशासनाच्या लक्षात आले. बायकांना शिबिरात बोलावून पुन्हा तपासले, तेव्हा गैरप्रकार उघड झाले. दाव्यांची बेरीज कोणी तरी वाचली म्हणून ते कळले. आपल्या बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जे आले ते त्याहून भयंकर होते: ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, म्हणून बाईने शरीराचा एक भागच काढून टाकायचा, असा तो व्यवहार. पत्रकार आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे ओरडत होते, तेव्हा ती पाहणी झाली. एकेका तालुक्याची वार्षिक बेरीज फळ्यावर लिहिण्याची पद्धत असती, तर एवढ्या बायकांपर्यंत गोष्ट जाण्याआधीच कोणाच्या तरी डोळ्यांत तो आकडा खुपला असता.

बेरीज खालून वाचली गेली की ती खरीही होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतबद्दल दोन गोष्टी होत्या. जवळपास साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले होते. आणि आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार दाखवले गेले होते. दिल्लीतल्या संगणकाला मेलेला माणूस ओळखायला वर्षे लागतात. पाड्यावर बाराव्याला जेवून आलेल्या माणसाला ते एका क्षणात कळते.

डहाणूला तर हे अधिकच लागू आहे. १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. औष्णिक वीज केंद्रावरून इथे दीर्घ लढा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि धुरातला गंधक शोषणारी यंत्रणा २००७ मध्ये बसली. त्या सगळ्या काळात चिकूची फुलगळ किती झाली हे वाडीवाला बोटांवर सांगू शकत होता. दम्याने किती जण दवाखान्यात गेले हे सांगायला बोटे पुरत नाहीत. त्याला वही लागते. उद्या एखाद्या कारखान्याच्या पट्ट्यात श्वासाचे आजार वाढले, फुग्यांच्या लॅटेक्समधल्या अमोनियाने डोळे-छाती धरू लागली, तर ते कळायचा रस्ता हाच आहे. मालकानेही हे पाहावे असे मी म्हणतो. ज्या मालकाला आपल्या कारखान्यात श्वासाचे आजार जास्त आहेत हे आकड्यांतून कळले, त्याने पंखे आणि झडपा बसवाव्यात. कारखाना कायद्याने डॉक्टरांवर व्यावसायिक आजार कळवण्याचे बंधन टाकले ते याचसाठी, आणि नव्या कामगार संहितेतही ते आहे. पण ती खबर निरीक्षकाकडे जाते, कामगाराला काढून टाकण्यासाठी नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, "शेठला कळणार नाही ना?" पाड्यावरच्या माणसासाठी हा प्रश्न शहरातल्यापेक्षा जास्त धारदार आहे. शहरात नाव पुसले की माणूस गर्दीत मिसळतो. चाळीस घरांच्या पाड्यात नाव पुसून काय होणार? "मुलगी, वय एकोणीस, सिकलसेल, अमुक पाडा" एवढे लिहिले की नाव लिहिल्यासारखेच आहे. तीस कामगारांच्या कारखान्यातही तसेच. "डायलिसिस, एक" असे लिहिले की शेठ मान वर करून त्याच्याकडे पाहतो. सिकलसेलचे उदाहरण मी विचारपूर्वक घेतो, कारण हा आजार इथल्या आदिवासी जमातींत आहे आणि २०२३ पासून केंद्र सरकारने तो २०४७ पर्यंत हटवण्यासाठी तपासणीची मोठी मोहीम हाती घेतली आहे. तपासणी हवीच. पण तपासणीतून तयार होणारी यादी कोणाच्या हाती पडते यावर तिचे फळ ठरते. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या रक्तात त्यांना न सांगता सिकलसेल तपासल्याचे प्रकरण न्यायालयात गेले होते. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने हा खासगीपणाचा गंभीर प्रश्न आहे असे म्हणत कामगारांची तक्रार उभी ठेवली. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत तर फक्त वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या तरुणांनाही १९८१ पर्यंत प्रवेश मिळत नसे. आपल्याकडे वाहक असलेल्या मुलीचे लग्न आणि वाहक असलेल्या मुलाची बोटीवरची नोकरी, दोन्ही तपासणीच्या एका कार्डाने अडू शकतात.

कायदा काय म्हणतो? २०१८ मध्ये आरोग्य मंत्रालयाने आरोग्यविषयक डिजिटल माहितीच्या कायद्याचा एक मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात सरळ लिहिले होते की अशी माहिती मालक, मनुष्यबळ सल्लागार आणि औषध कंपन्यांना कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. तो मसुदा कायदा झाला नाही. त्याऐवजी २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आला. त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, जास्त जपायचे असे स्थान नाही. उलट नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानापासून वाचवण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे. "नुकसान" या शब्दात उद्या वाढलेला विम्याचा हप्ता बसवला जाणार नाही, याची हमी कोण देणार? आणि संमतीचे म्हणाल, तर ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागायची तरतूद आहे. वारली त्या अनुसूचीत नाही. ज्या भाषेत माणूस दुखणे सांगतो, त्या भाषेत त्याची संमती मागण्याचे बंधन कोणावर नाही.

यावर तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला मालकांचा: पैसे आम्ही देतो, मग आम्हाला सगळे दिसायला हवे. याला माझे उत्तर असे की पैसे दिल्याने पैशांच्या हिशेबाचा हक्क मिळतो, माणसाच्या शरीराचा नाही. पगार देणारा पगार कुठे खर्च केला हे विचारत नाही. उपचारही मजुरीचाच भाग आहे. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: गावात आकडे वाचले तर गैरसमज होतील, रुग्णालये योजनेतून बाहेर पडतील. गैरसमज होतील, पण न सांगितल्याने होतात त्याहून कमी. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत डहाणू-तलासरीसह तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी दवाखान्यांना गुण दिले, जनसुनवाईत डॉक्टरांना समोरासमोर प्रश्न विचारले, आणि आकाश कोसळले नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाव्यांच्या आकड्यांवरून चुकीचे निष्कर्ष निघतात. खरे आहे. विम्याच्या हिशेबनीसाला कमी दावे म्हणजे निरोगी लोक असे वाटते. तलासरीत कमी दावे म्हणजे अनेकदा रोज बुडेल म्हणून दवाखान्यात न गेलेली बाई, भगताकडे नेलेले पोर, साप चावून रस्त्यातच गेलेला माणूस. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे दुखणे भिवंडीत लागते. वलसाड, वापी, सिल्वासाच्या खासगी दवाखान्यांत रोख पैसे मोजणाऱ्यांचा तर कुठल्याच वहीत पत्ता लागत नाही. म्हणूनच ही बेरीज मुंबईत बसून वाचून चालणार नाही. आकडा का कमी आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासमोर तो वाचला गेला पाहिजे. आकड्याला गावाची साक्ष जोडली तरच तो खरा बोलतो.

आणि ती जागा कायद्याने आधीच ठरवून ठेवली आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार देण्याबद्दल बोलतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. कनेटिकटच्या गवंड्यांना विश्वस्त म्हणून हिशेब मागता येतो, तर झरीच्या ग्रामसभेला तो मागता येऊ नये असे कोणते कारण आहे?

माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, घरी निघताना प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीतली एक चिठ्ठी द्यावी: तुमच्या नावावर कोणता उपचार लिहिला, किती रक्कम मागितली, ती बरोबर वाटत नसेल तर कोणाला सांगायचे. वाचता येत नसेल त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवावी. दुसरी, वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर दाव्यांची बेरीज ग्रामसभेत वाचली जावी: कोणते आजार, कोणत्या शस्त्रक्रिया, कोणती रुग्णालये, किती पैसे. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात अकरापेक्षा कमी माणसांचा आकडा छापत नाहीत. तो नियम इथेही लावावा, म्हणजे चाळीस घरांच्या पाड्यातली एकटी मुलगी कोणाच्या बोटाखाली येणार नाही. तिसरी, गट विमा घेणाऱ्या मालकाला एकूण खर्च आणि मोठ्या गटाचे आजारवार प्रमाण एवढेच मिळावे. नाव, निदान आणि औषध कधीच नाही, आणि ते मागणे हाच गुन्हा ठरावा. चौथी, २०१८ च्या मसुद्यातले ते एक वाक्य, मालकाला माहिती मिळणार नाही हे, २०२३ च्या कायद्यात दुरुस्ती करून घालावे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे नोंदी आहेत, आरोग्यमित्र टेबलावर बसलेला आहे, ग्रामसभा भरते आहे. हे वाचणारे सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, आशाताई आणि शिक्षक यांना माझी विनंती आहे: येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला आणि आपल्या आरोग्य केंद्राची गेल्या वर्षाची बेरीज ठराव करून लेखी मागा. नावे मागू नका, आणि कोणी दिली तरी घेऊ नका.

तो तरुण त्याच दिवशी दुपारच्या गाडीने उंबरगावला गेला असेल. त्याच्या नावावर किती भरले गेले हे त्याला अजून कळलेले नाही.